लाल पिन पिवळ्या भोकात

वायरमास्तर कुणाच्या घरी टीव्ही जोडायला आले, की सगळ्यात आधी त्या घरचा रिमोट जप्त करायचे. सरळ शर्टाच्या वरच्या खिशात. मग पिशवीतून दाढीचा गोल आरसा काढायचे, तो टीव्हीच्या पाठीमागे धरायचे आणि भिंतीला गाल चिकटवून आरशातून एकेक भोक वाचायचे. टीव्ही जागचा हलवायचा नाही, हा त्यांचा बाणा. कुणी म्हणालंच, "मास्तर, जरा पुढे ओढू का?" तर आरशातूनच डोळे वटारायचे.

"ओढतो तो हमाल. बस खाली."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. शाळेशी त्यांचं सातवीत फाटलं ते कायमचं. एकतीस वर्षं त्यांनी सूतगिरणीत तुटलेले धागे जोडले. यंत्र चालू, चात्या गरगरतायत, आणि तुटलेली दोन टोकं चिमटीत धरून एका झटक्यात अशी सांधायची की गाठ बोटालाही लागू नये. मग गिरणी बंद झाली. मालकानं यंत्रं विकली, छपराचे पत्रे विकले, भोंगासुद्धा विकला. ही बोटं तेवढी विकायची राहून गेली. त्याच सुमारास वसाहतीत पहिला व्हिडिओ आला. तो जोडायला दुकानदाराचा माणूस गुरुवारी येणार होता आणि वार होता सोमवार. दोन मजल्यांची माणसं त्या एका घरात कोंबलेली, उरलेली खिडकीला लटकलेली. यांनी वायर हातात घेतली. तीन टोकं, तीन रंग. टीव्हीला भोकंही तीन आणि रंगही तेच. लावून टाकली. चित्र आलं, आवाज आला आणि माणसाचं नाव गेलं. मतदारयादीत काहीतरी आहे म्हणतात. पण त्या नावानं हाक मारली तर ते वळून बघतील, याची खात्री त्यांची बायकोही देत नाही.

त्या सोमवारपासून त्यांचं एकच सांगणं. "पिवळं ते चित्र. पांढरं आणि लाल तो आवाज. रंगाला रंग. माणूस खोटं बोलेल, साहेब खोटं बोलेल, छापील कागद तर हमखास खोटं बोलेल. रंग बोलत नाही." हे त्यांनी तीन इमारतींतल्या प्रत्येक घरात, प्रत्येक मजल्यावर, काही घरांत तर दोन पिढ्यांना ऐकवलेलं होतं.

आणि राग तर नाकाच्या शेंड्यावर. एका घरी नुसते चहाला गेले होते. तिथल्या जावईबापूंनी स्वतःच्या हातानं स्पीकर जोडले होते, पांढरी लालमध्ये आणि लाल पांढऱ्यात. मास्तरांनी कप खाली ठेवला. "जावईबापू, डावा कान उजवीकडे लावलात. आता सिनेमातला माणूस डावीकडून येणार आणि त्याचे बूट उजवीकडून वाजणार. तुम्हाला फरक पडत नसेल. घरात तरी तुम्हाला कोण कुठून बोलतंय ते कुठं कळतं?" जावईबापू पुढे वर्षभर सासुरवाडीला फिरकले नाहीत. सासूबाईंनी त्याबद्दल मास्तरांचे मनापासून आभार मानले, हा भाग वेगळा.

अशा माणसाचा संसार रेटायला तशीच बाई लागते. ती होती. तिला सगळी वसाहत शिवणकाकू म्हणते. तिसऱ्या इमारतीच्या तळमजल्यावर कोपऱ्यात वसाहतीची एक सामाईक खोली आहे. खिडक्या दोन, घडीच्या खुर्च्या चाळीस, त्यांतल्या अकरा बसल्यावर आपोआप घडी होणाऱ्या. त्या खोलीत काकूंची चार शिलाई मशीनं. दुपारी बायका शिवण शिकतात, संध्याकाळी मुलं अभ्यास करतात, रविवारी बैठका होतात आणि भांडणं रोजच मिटवली जातात. भिंतीवर मोठा चपटा टीव्ही, तो बायकांच्या गटाला स्पर्धेत मिळालेला. त्याच्याखाली मास्तरांचा अ‍ॅम्प्लिफायर आणि कपाटाएवढे दोन स्पीकर, कारण चपट्या टीव्हीच्या आवाजाला मास्तर आवाजच मानत नाहीत. "डास परवडला," म्हणतात. कोपऱ्यात त्यांची लोखंडी ट्रंक. तिच्यात वायरीच वायरी, प्रत्येक वेटोळ्याला गिरणीतली ती न दिसणारी गाठ. घरात मास्तर तिसऱ्या मजल्यावर राहायचे. जगायचे ते या खोलीत.

आणि ही खोलीच जायची वेळ आली.

वसाहत कार्यालयाचं पत्र आलं. खोली कार्यालयाच्या मालकीची आहे, ती वसाहतीला दिल्याचा कागद नोंदींत आढळत नाही, सबब महिनाअखेर ताबा घेतला जाईल. खोली कशाला हवी होती? जुन्या फायली ठेवायला. म्हणजे ज्या ढिगाऱ्यात आमचा कागद हरवला, त्याच ढिगाऱ्याला राहायला आमची खोली! काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंधरा बायका घेऊन त्या कार्यालयात गेल्या आणि टेबल बडवून आल्या.

कागद नव्हता हे खरं. पण नऊ वर्षांपूर्वी, खोलीचं उद्घाटन झालं तेव्हा, त्या वेळचे जुने साहेब तोंडानं बोलले होते. खोली कायम तुमची, असं सगळ्यांसमोर. आणि मास्तरांनी ते आपल्या छोट्या कॅसेटच्या कॅमेऱ्यात धरून ठेवलं होतं. जुने साहेब नंतर निवृत्त झाले आणि वारले. राहिली ती कॅसेट.

नवीन साहेब हडकुळे, नियमावर बोट ठेवून चालणारे. वाईट माणूस नव्हे, फक्त कोरडा. म्हणाले, "शनिवारी अकराला येतो. पंधरा मिनिटं देतो. त्यात स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि कानांनी ऐकलं, तर ठीक. नाही तर सोमवारी कुलूप."

काकूंच्या धाकट्या जावयानं फोन केला. कॅसेट द्या, कॉम्प्युटरवर उतरवून देतो, पाहिजे तितक्या प्रती काढा. मास्तरांनी ते ऐकलं आणि फोन काकूंच्या हातात दिला. "त्याला म्हणावं, मला अजून हात आहेत."

मास्तरांनी आठवडाभर आधी घरच्या जुन्या डबडा टीव्हीवर कॅसेटची पहिली दोन मिनिटं चालवून बघितली होती. फीत कापली जाते तिथपर्यंत. झकास चालली. लगेच बंद केली, कारण जुनी कॅसेट म्हणजे म्हाताऱ्याचा गुडघा. उगाच चालवायचा नाही. सगळं ठीक होतं. आणि शुक्रवारी ट्रंकेतून वायर काढताना ती झाकणात अडकली, मास्तरांचा पारा चढला, त्यांनी हिसडा दिला, आणि कॅमेऱ्यात जाणारं बारीक टोक आतून तुटलं. साच्यात ओतलेलं टोक, त्याला ना डाग देता येतो ना गाठ मारता येते.

संध्याकाळी ते जुन्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदारानं खोक्यात हात घालून तशीच वायर काढली. एका बाजूला बारीक टोक, दुसऱ्या बाजूला पिवळी, पांढरी, लाल.

"मास्तर, ही दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याची आहे. लावून बघा आधी."

"वायर काय चप्पल आहे, घालून बघायला?"

"तसं नाही, पण कधी कधी—"

"रंग दिसतायत मला. तुला दिसत नसतील तर चष्मा घे."

घरी काकूंनीही तेच म्हटलं. एकदा लावून बघा. मास्तरांनी गुडघ्याचं कारण पुढं केलं आणि झोपले. काकू मात्र कूस बदलत राहिल्या.

शनिवारी साडेदहालाच खोली भरली. पहिल्या रांगेतल्या तीन खुर्च्या साहेबांसाठी, धडक्या बघून ठेवलेल्या. मागच्या रांगेत वसाहतीचा न्हावी होता. दाढी करताना गिऱ्हाइकांना नकला करून दाखवायच्या, ही त्याची जुनी खोड. काकू मशीनपाशी उभ्या राहून ब्लाउज टाचत होत्या, कारण हात रिकामा असला की तो कुणावर तरी उठेल, अशी त्यांना स्वतःचीच धास्ती होती.

अकराला साहेब आले. हातात फाइल, बगलेत छत्री, मागे कारकून. बसले. घड्याळ काढून मांडीवर ठेवलं.

"करा सुरू."

मास्तरांनी रिमोट खिशात टाकला, आरसा धरला, भिंतीला गाल लावला. बारीक टोक कॅमेऱ्यात. पिवळी पिन टीव्हीच्या पिवळ्या भोकात. पांढरी आणि लाल खाली अ‍ॅम्प्लिफायरला. मोठ्या डौलात त्यांनी कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

टीव्ही काळा ठिक्कर. वर पांढऱ्या अक्षरांत 'सिग्नल नाही'. आणि स्पीकरमधून भुर्रर्र... जणू खोलीत गिरणीच सुरू झाली. पहिल्या रांगेतली एक म्हातारी कानांवर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई, हे साहेब असंच बोलायचे, मला आठवतंय."

हशा पिकला. साहेब हसले नाहीत.

मास्तरांनी पिन काढली, फुंकली, घातली. भुर्रर्र. टीव्हीचे सगळे पर्याय रिमोटनं फिरवून बघितले. भुर्रर्र. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून पुन्हा लावला, अडॅप्टर दुसऱ्या बोर्डात घातला. घोडं कुठं पेंड खातंय ते कळेना. कपाळावरचा घाम आरशावर टपकला.

"अहो," काकू म्हणाल्या, "पिना जरा बदलून बघा की. इथली तिथं."

मास्तर टीव्हीमागून गरजले, "तू काय ब्लाउजला डावी बाही उजवीकडं लावून बघतेस का?"

"लावते की. तुमच्या निळ्या शर्टाला दोनदा लावली. तुम्हाला कळलं तरी का?"

खोली पुन्हा हसली. मास्तर लाल झाले. नऊ जणांना त्यांनी याच चुकीसाठी भर बैठकीत झापलं होतं आणि त्यांतले सात इथंच बसले होते. "पिवळं ते चित्र!" ते ओरडले, "जग इकडचं तिकडं झालं तरी—"

"सात मिनिटं झाली," साहेब म्हणाले.

ते ऐकून मास्तरांनी आरसा खाली ठेवला. त्यांनी हळूच खोलीकडे नजर टाकली. मशीनं, खुर्च्या, ट्रंक. सोमवारी इथं फायली. आणि कुणी विचारलं की खोली कशी गेली, तर वसाहत सांगेल, मास्तरांना वायर जोडता आली नाही.

आता ते शहाण्यासारखे वागले. ओरडायचं सोडून एकेक पिन काढून ऐकू लागले. पांढरी काढली. भुरभुर तशीच, उलट जास्तच. पांढरी परत लावली आणि लाल काढली. झटकन सगळं शांत. आणि त्या शांततेत स्पीकरमधून खणखणीत आवाज आला, एक खोकला आणि मग: "बंधू आणि भगिनींनो, आज या खोलीचं..."

टाळ्या! दोन बायका तर उभ्याच राहिल्या. जुन्या साहेबांचा आवाज, तोच खोकला, तोच 'बंधू आणि'नंतरचा आवंढा. मागच्या रांगेत न्हाव्याला भरून आलं. गेली नऊ वर्षं तो हाच आवाज काढत आला होता. त्याला राहवेना. स्पीकर पुढचं बोलायच्या आत त्यानं अगदी तोच खोकला काढला आणि तोच आवंढा गिळून म्हणाला, "...उद्घाटन करताना मला अतीव आनंद होत आहे!"

खोली खदखदून हसली. मग हसू एकेका तोंडावरून पुसत गेलं. साहेब खुर्चीत वळून बघत होते. एकदा स्पीकरकडे, एकदा न्हाव्याकडे.

"हा आवाज इथं कुणालाही काढता येतो वाटतं?"

"कुणालाही नाही, साहेब," न्हावी बारीक आवाजात म्हणाला, "मलाच फक्त."

शेजारच्यानं त्याला असं कोपर मारलं, की त्याची खुर्ची मिटली आणि तो तिच्यात अडकला.

"मला चेहरा दिसला पाहिजे," साहेब म्हणाले. "बोलणारा माणूस दिसला पाहिजे. नुसत्या आवाजावर मी सही करू शकत नाही. बंद करा ते आणि चित्र असेल तर दाखवा. चार मिनिटं आहेत."

मास्तरांनी अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज पार बंद केला आणि तिथंच उकिडवे बसले. हातात काढलेली लाल पिन. ते तिच्याकडे बघत बसले. भुरभुर फक्त हिच्यातून येत होती. ही भुरभुर त्यांनी पन्नास घरांत ऐकली होती. केव्हा? कुणीतरी गाढवानं पिवळी पिन आवाजाच्या भोकात घातलेली असायची, तेव्हा. चित्र स्पीकरमध्ये शिरलं की असंच गुरगुरतं. म्हणजे स्पीकरमध्ये चित्र शिरलं होतं. म्हणजे...

हातातली लाल पिन आतून पिवळी होती.

दुसऱ्या कंपनीनं वायरी आतून फिरवल्या होत्या आणि वर रंग तेच चढवले होते. दुकानदार सांगत होता. काकू सांगत होत्या. रंग खोटं बोलला होता, आणि तोही मास्तरांशी!

चाळीस माणसं मागे बसलेली. मास्तरांनी एकदा घसा साफ केला. "लाइट घालवा सगळे. चित्र नीट दिसेल."

"लाइट लावलेच नाहीत, मास्तर. सकाळचे अकरा वाजलेत."

"मग खिडक्या लावा!"

"उकडेल की."

मास्तरांनी शेवटी पाठ पसरून टीव्हीचा तो कोपरा झाकला, एका हातात आरसा धरला आणि दुसऱ्या हातानं पिवळी पिन उपटून लाल पिन पिवळ्या भोकात कोंबली. चोरासारखी. पण आरशाला दोन बाजूंनी दिसतं, हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही. मशीनपाशी उभ्या काकूंना त्या गोल आरशात सगळं लख्ख दिसलं. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं, नाही तर त्या मोठ्यानं हसल्या असत्या.

टीव्ही उजळला. मास्तरांनी आवाज परत वाढवला. नऊ वर्षांपूर्वीची खोली, कोऱ्या भिंती, फितीचे तुकडे, आणि मध्ये जुने साहेब, हार घातलेले, तोंड हलवतायत, आणि त्याच तोंडाबरोबर स्पीकरमधून आवाज. न्हावी खुर्चीतून सुटायची धडपड थांबवून बघत राहिला.

"मास्तर," पहिल्या रांगेतून कुणीतरी वाकून बघत ओरडलं, "लाल पिवळ्यात गेली!"

"गेली नाही," मास्तर न वळता म्हणाले. "घातली."

पण कॅसेट मधल्या काळात थांबली नव्हती. पडद्यावरचे साहेब हात जोडून "धन्यवाद" म्हणाले आणि खाली बसले. खोलीबद्दलचं बोलणं पुढे निघून गेलं होतं. मागे घ्यायला हवी होती. मास्तरांनी बटण दाबलं आणि कॅमेरा जीव गेल्यासारखा कुईं करत हळूहळू मागे चालला.

नवीन साहेबांनी घड्याळ उचललं. "झाली पंधरा मिनिटं. चेहरा बघितला, पण कामाचं काही ऐकलं नाही. मला दुसरीकडे जायचं आहे." आणि उठले.

दाराशी काकू होत्या. तोंडातल्या टाचण्या हातात, हातात सुई, सुईत दोरा.

"साहेब, कोटाची बाही उसवलीय."

"असू दे."

"असू दे कशी? काखेपर्यंत गेलीय. छत्री बगलेत धरता ना, तिथंच. चार माणसांत बरं दिसतं का? दोन टाके घालते." आणि साहेब 'नको' म्हणायच्या आत सुई बाहीत शिरली.

"बाई, मला—"

"हलू नका. टोचेल."

कारकून तोंड फिरवून भिंतीकडे बघू लागला. साहेब एक हात वर करून उभे, टॅक्सी थांबवल्यासारखे. काकूंनी दोन म्हटलेले टाके सात झाले, सातांचे अकरा. एकेक टाका त्या असा सावकाश ओढत होत्या, की दोरा खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाईल. त्यांची एक नजर बाहीवर, एक कॅमेऱ्याकडे. कॅमेरा कुईं कुईं करत होता. पुढे काय येणार ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्या दिवसानंतर ही कॅसेट कुणीच पूर्ण बघितली नव्हती. जुने साहेब नेमकं काय बोलले, हे जो तो आपापल्या सोयीनं आठवत होता.

खट्. कॅमेरा थांबला. मास्तरांनी सुरूचं बटण दाबलं.

"...आणि म्हणून आज मी या ठिकाणी जाहीर करतो," पडद्यावर जुने साहेब बोट वर करून म्हणाले. बाहीत सुई तशीच राहिली. "की ही खोली वसाहतीच्या वापरासाठी का—"

"अहो साहेब! वायरवरचा पाय काढा आधी!"

स्पीकर हादरले. आवाज मास्तरांचा होता, नऊ वर्षांनी तरुण आणि दुप्पट चिडका. पडद्यावरचे साहेब दचकले. त्यांचं पुढचं वाक्य त्या ओरडण्याखाली पार चिरडून गेलं होतं.

चाळीस माना मास्तरांकडे वळल्या. मास्तर जागच्या जागी गार. काकूंनी डोळे मिटले. नऊ वर्षं जपलेली कॅसेट, आणि नेमक्या त्या शब्दावर या माणसाचं तोंड!

"कोण हे?" नवीन साहेबांनी विचारलं. सांगायची गरजच नव्हती.

पडद्यावर जुने साहेब खाली वाकून आपल्या बुटाकडे बघत होते. मग त्यांनी पाय उचलला, बाजूला ठेवला आणि हसले. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आले. इतके, की त्यांच्या चष्म्याच्या काचेत कॅमेरा दिसला.

"काढला पाय," ते म्हणाले. "आता आलं का नीट? हे गृहस्थ रागावलेत, म्हणून परत सांगतो, सावकाश सांगतो. ही खोली वसाहतीच्या वापरासाठी कायम राहील. कार्यालय ती परत मागणार नाही. मी वसाहत अधिकारी म्हणून हे सांगतोय, आणि आजच्या तारखेला सांगतोय." त्यांनी तारीख सांगितली. वर्षासकट. मग भुवई उडवून कॅमेऱ्यामागच्या माणसाला विचारलं, "झालं? का तारीख परत सांगू?"

खोलीत कुणी टाळी वाजवली नाही. सगळे नवीन साहेबांच्या तोंडाकडे बघत होते. साहेबांचा हात अजून वर होता. काकूंनी दोरा दातांनी तोडला आणि हात खाली सोडला.

साहेब खुर्चीवर बसले. "परत लावा," म्हणाले. परत लावलं. वायर, पाय, हसू, तारीख. साहेबांनी फाइल उघडली, पेनाचं टोपण काढलं.

"या पद्धतीचा पुरावा," ते कारकुनाला म्हणाले, "मी आजवर बघितलेला नाही. सहसा माणसं साहेबांना बोलू देतात."

लिहू लागले. काकू त्यांच्या खांद्यावरून वाचत होत्या. "'चित्र पाहिले' लिहिलंत. 'आवाज ऐकला' पण लिहा."

"लिहितोय."

"'स्पष्ट' लिहा."

"बाई!"

"लिहा हो, शाई थोडीच संपतेय."

त्यांनी 'स्पष्ट' लिहिलं. पुढचा आदेश येईपर्यंत खोलीचा ताबा घेऊ नये, असंही लिहिलं, आणि खाली सही केली. मग टाळ्या झाल्या, आणि त्या गडबडीत आणखी तीन खुर्च्या मिटल्या. न्हावी जुन्या साहेबांच्या आवाजात "धन्यवाद" म्हणणार होता. चारपाच जणांनी मिळून त्याचं तोंड दाबलं.

"एक मात्र," साहेब उठता उठता म्हणाले, "माझ्या एकट्याच्या सहीनं हे मिटायचं नाही. सोमवारी मोठ्या कार्यालयात वरिष्ठांना दाखवावं लागेल. तिथं टीव्ही आहे. हे यंत्र घेऊन या."

मास्तर इतका वेळ वायर गुंडाळत होते. आता मान वर केली.

"कुठला टीव्ही?"

"टीव्ही. टीव्हीसारखा टीव्ही."

"मागे भोकं किती? कुठली?"

साहेबांनी कारकुनाकडे बघितलं. कारकुनानं छताकडे. "टीव्हीच्या मागे कोण बघतं हो?" साहेब म्हणाले.

मास्तरांच्या कपाळावरची शीर तडतडली. एवढं मोठं कार्यालय, एवढी माणसं पगार घेतात, आणि आपल्या टीव्हीची पाठ कुणाला माहीत नाही! कालचा मास्तर असता तर म्हणाला असता, आणू सोमवारी, रंगाला रंग लावू. आज त्यांनी कॅमेरा उराशी धरला, वायर गळ्यात घातली आणि पायात जे होतं तेच घालून दाराबाहेर निघाले.

"अहो, कुठं?" काकू ओरडल्या.

"मोठ्या कार्यालयात. आत्ता. लावून बघतो."

इतक्या वर्षांच्या संसारात 'लावून बघतो' हे काकूंनी या तोंडातून पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"आज शनिवार आहे," साहेब मागून घाईनं येत म्हणाले, "तिथं फक्त पहारेकरी असेल."

"पहारेकऱ्याकडे किल्ली असते ना? मग तुम्हाला तरी कशाला त्रास. पण चला, तुमची गाडी त्याच वाटेनं जाते." आणि ते गाडीचं पुढचं दार उघडून ड्रायव्हरशेजारी बसले सुद्धा.

साहेब क्षणभर दाराशी थांबले. मग शिवलेल्या बाहीचा हात सांभाळत मागे बसले, शेजारी कारकून, मांडीवर फाइल आणि छत्री. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा मास्तर सीटवर पूर्ण मागे वळलेले होते आणि साहेबांची उलटतपासणी सुरू झाली होती.

"भिंतीवर टांगलाय, का टेबलावर ठेवलाय? आठवा. आणि तुमच्यातल्या कुणी त्याला हात लावलाय का? खरं सांगा, मी रागावणार नाही."